'पोटनिवडणूक' म्हणावं की नाही?

अनुवादिनी: पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेम्स मन्रोंवरच्या एका प्रकरणाचा अनुवाद करतेय. मार्च १७९० मध्ये व्हर्जिनिया राज्याचे सिनेटर, म्हणजे सिनेट या केंद्रातल्या वरिष्ठ सभागृहातले सदस्य, विल्यम ग्रेसन वारले. गव्हर्नरने त्या जागी जॉन वॉकरना बसवलं. नोव्हेंबरमध्ये राज्याच्या विधिमंडळाने उरलेल्या मुदतीसाठी मन्रोंना निवडलं. मी लिहिलं, 'पोटनिवडणुकीत मन्रो निवडून आले.' तपासणाऱ्या बाईंनी त्या शब्दाखाली पेन्सिलीने दोनदा रेघ ओढलीय आणि समासात विचारलंय, 'मतदार कुठे आहेत?' काय करू?

वाटसरू: बाईंचं बरोबर आहे. पोटनिवडणूक म्हटलं की प्रचार आला, बोटाला शाई आली. १९१३ ची सतरावी घटनादुरुस्ती होईपर्यंत सिनेटर निवडणं जनतेच्या हातात नव्हतंच. सरळ 'नेमणूक' लिहा.

तळटीप: नेमणूक अजिबात नको! नेमले गेले ते वॉकर. अमेरिकेच्या तेव्हाच्या घटनेतच हा फरक होता: विधिमंडळाचं अधिवेशन नसेल तर गव्हर्नरने तात्पुरता माणूस नेमायचा, अधिवेशन भरलं की जागा विधिमंडळाने भरायची. दोघांना एकच क्रियापद लावलंत तर वाचकाला कळणार काय? आणि राज्यसभेची जागा मध्येच रिकामी झाली तर मतं आमदारच देतात, तरी आपली वर्तमानपत्रं पोटनिवडणूकच छापतात.

वाटसरू: वर्तमानपत्रं छापतात म्हणून ते मराठी होत नाही. निदान 'उपनिवडणूक' म्हणा. 'पोट' कानाला ग्राम्य लागतं.

आजोळ: ग्राम्य कसं? पोटकलम, पोटनियम काय शेतात लिहिले गेले? आमच्या सातबाऱ्यावर 'पोटखराबा' असायचा. आजोबा बांधावर उभे राहून काठीने खडक दाखवायचे, 'हे पिकत नाही, पण आपल्याच गटाच्या पोटात आहे.' मुदतीच्या पोटात झाली ती पोटनिवडणूक, असंच मी समजत आलेय.

वाटसरू: मुदतीचा काय संबंध? पोटभाडेकरू कुठल्या मुदतीच्या पोटात राहतो? इथे पोट म्हणजे फक्त दुय्यम.

तळटीप: अनुवादिनी, मी 'विधिमंडळाने मन्रोंना सिनेटवर पाठवलं' असं लिहीन. राज्यसभेवर पाठवतात तसंच. केंटकीनेही १८०६ मध्ये जॉन अडेअर यांच्या रिकाम्या जागी हेन्री क्लेंना पाठवलं, तेव्हा त्यांना तीसही पूर्ण नव्हती. वॉकरना 'हंगामी' म्हणा.

वाटसरू: हंगामी फारसी आहे. 'अस्थायी' लिहा.

तळटीप: विधानसभेला हंगामी अध्यक्ष चालतो, मग वॉकरना का नाही?

अनुवादिनी: 'पाठवलं' आवडलं, पण त्यात मत दिल्याचं कुठे येतं? कुणीतरी वरून धाडल्यासारखं वाटतं. आणि व्हर्जिनियाच्या त्या विधिमंडळाचंही एक सभागृह सिनेटच आहे. नुसतं 'सिनेटवर' लिहिलं तर कोणतं सिनेट?

आजोळ: पोटमाळा विसरलात सगळे! तो दुय्यम नव्हे, घराच्या आतलाच. आमच्याकडे वर्षाचं धान्य तिथेच असायचं.