मदत हवी आहे: वाचनालयाचा नकाशा मोफत मागायचा, तर नेमकं काय मागायचं?

नमस्कार मंडळी,

उमरगा तालुक्यातल्या एका गावात आमचं सार्वजनिक वाचनालय आहे. शासनमान्य, 'ड' वर्ग. आजवर ते एका सभासदाच्या घरातल्या रस्त्याकडच्या दोन खणांत चाललं. आता ते घर विकायला काढलंय. ग्रामपंचायतीनं ठराव करून 2 गुंठे जागा दिली आहे, गाठीला साधारण 9 लाख रुपये जमतील. सहाशे चौरस फुटांची खोली, बाहेर बसायला ओसरी, एवढंच हवंय. स्पर्धा परीक्षेची पोरं पहाटे सहाला येऊन बसतात, त्यांना उजेड आणि वारा मिळावा, बस.

फुकट नकाशाचा एक अनुभव पदरी आहे, तो आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजची मुलं आली होती. गोड मुलं. दोन दिवस राहिली, भाकरी-ठेचा खाल्ला, म्हाताऱ्यांशी बोलली. महिन्यानं थ्रीडी चित्रं पाठवली. पश्चिमेला अख्खी काचेची भिंत आणि मधोमध जमिनीत उतरणारं अंगण! आमच्याकडं मे महिन्यात चार वाजता पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकवता येत नाही, आणि त्या खड्ड्यातलं पाणी जुलैत कोण उपसणार? मिस्त्रींनी मोबाइलवर चित्र पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे सर, पण पाया किती खोल?" त्याचं उत्तर कुठंच नव्हतं. नंतर मुलांची परीक्षा आली आणि विषय तिथंच राहिला. चूक त्यांची एकट्यांची नाही. 9 लाख हा आकडा मीच त्यांना सांगितला नव्हता. फुकट काम करणाऱ्यांपुढं पैशाचं काय बोलायचं, असं वाटलं.

"मग मिस्त्रीच बांधतील की," असं समितीत म्हणतात. इथंच माझं मन धजत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात या पट्ट्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मातीत रचलेल्या दगडी जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. भिंती फुटल्या आणि माळवद झोपलेल्यांवर आलं. तेव्हापासून लोक दगडाला भितात आणि स्लॅबवर डोळे मिटून विश्वास ठेवतात. पण शेजारच्या बांधकामावर मी स्वतः पट्टी लावून पाहिलंय, कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा एक-एक फुटावर. हे बरोबर आहे का ते सांगणारं गावात कोणी नाही.

दुसरं कारण अनुदानाचं. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान वाचनालयाच्या इमारतीसाठी मदत देतं, पण अर्जाला रीतसर नकाशा आणि अंदाजपत्रक लागणार.

तर प्रश्न असा: असं काम विनाशुल्क करणारे आर्किटेक्ट असतात का? असतील तर त्यांच्याकडं मागायचं काय, आणि खर्च म्हणून आपण काय द्यायचं?

---

जोतं ते स्लॅब: मी आर्किटेक्ट आहे, असली तीन कामं केलीत, एक अर्ध्यात सोडलंही आहे. सोडलं कारण समितीत अकरा जण होते आणि अकराही जण फोन करायचे. तुमच्याकडून बोलणारा माणूस एकच ठेवा, पहिली अट.

रिंगा फुटावर अजिबात चालणार नाहीत, विशेषतः कॉलमच्या खाली-वर, तुळईला जोडतो तिथं तर त्या जवळजवळच हव्यात. किल्लारीचा भाग 1993 मध्ये भूकंपाच्या नकाशावर झोन एकमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा गणला जायचा. 2002 च्या नकाशात तो झोन तीनमध्ये आला. पण सहाशे फुटांच्या एका मजल्याला कॉलम हवेतच असं नाही. विटांची भिंत, तिच्यात जोत्याला, लिंटेलला (दार-खिडक्यांच्या वर) आणि छताखाली सलग काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यात उभी सळई. हे नीट केलं तर भागतं, आणि तुमचे मिस्त्री ते करू शकतात.

एक मात्र समजून घ्या. आर्किटेक्ट फुकट मिळाला तरी सळईचं गणित करणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा. त्याचे पैसे बाजूला काढा. येण्याजाण्याचा खर्च आणि प्रिंटसुद्धा तुमच्याकडं.

गोदाकाठ: पुण्याच्या शेल्टर असोसिएट्सना विचारून पाहा ना, त्यांच्याकडं आर्किटेक्ट आहेत.

जोतं ते स्लॅब: त्यांचं काम शहरी वस्त्यांतलं, मुख्यतः घरोघरी संडास आणि वस्त्यांचे नकाशे. वाचनालयासाठी त्यांना कशाला त्रास? त्यापेक्षा लातूर-सोलापुरात स्वतःचं छोटं ऑफिस चालवणारं कोणी शोधा. माणूस तीन वेळा साइटवर येऊ शकला पाहिजे. आणि 'आर्किटेक्ट' ही पाटी कोणीही लावतो. 1972 च्या कायद्यानं ती फक्त कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नोंदणी असलेल्यालाच लावता येते. नोंदणी क्रमांक विचारा, त्यात लाजू नका.

बे एरियातला सोलापूरकर: इथं सॅन फ्रान्सिस्कोत 'पब्लिक आर्किटेक्चर' नावाच्या संस्थेनं 2005 मध्ये एक टक्का योजना काढली होती. ऑफिसांनी वर्षाच्या कामाच्या तासांपैकी 1 टक्का समाजासाठी द्यायचा. वर्षाला 2080 तास धरले तर माणशी साधारण 20 तास. म्हणजे अडीच दिवस! सर, तुमचं मागणं 20-40 तासांत बसतंय का ते बघा. "आमचं वाचनालय करून द्या" याला कोणीही घाबरेल.

धागाकर्ता: हे तासांचं गणित डोक्यातच आलं नव्हतं. काल पत्राचा मसुदा केला: एक भेट, एक बांधकामाचा नकाशा (चित्रं नकोत), अंदाजपत्रक तपासणं, आणि पाया, लिंटेल, स्लॅब अशा तीन वेळी पाहणी. बजेट पहिल्याच ओळीत लिहिलंय.

जोतं ते स्लॅब: झकास. "आर्किटेक्टला विचारल्याशिवाय साइटवर बदल करणार नाही" हेही घाला. आणि जमीन कसली? काळी असेल तर पत्र पाठवण्याआधी खड्डा घ्या. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, वरच्या भिंतीला तडे जाणारच. मुरूम किती खाली लागतो यावर तुमच्या 9 लाखांचं भवितव्य आहे.

धागाकर्ता: आज जेसीबीवाल्याला गाठून दोन कोपऱ्यांत खड्डे घेतले. पूर्वेला साडेतीन फुटांवर मुरूम लागला, पश्चिमेला सहा फूट जाऊनही काळीच. फोटो काढलेत, टेप लावून. आता खोली पूर्वेला सरकवायची की काय, ते येणाऱ्यानंच सांगावं. लातूर-सोलापूर-उमरगा भागातलं कोणी 20 तास देऊ शकत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मुक्कामाची सोय माझ्या घरी.