‘तब्येत सुधारली’ म्हणजे नक्की काय? अंगाविषयीचे शब्द

मुलुंडकर:
आमच्या सोसायटीत पुढच्या महिन्यात आरोग्य शिबिर आहे. वजन, बीपी, शुगर, पोटाचा घेर आणि नंतर आहारावर गप्पा. बोर्ड लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मागच्या खेपेला ‘लठ्ठपणा निवारण शिबिर’ असं लिहिलं होतं, तर ज्यांनी यायला हवं होतं त्या बायका फिरकल्याच नाहीत. एक आली, तिचं वजन काट्याजवळच्या मुलीने सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं पुकारलं, ‘चौऱ्याऐंशी!’ ती बाई पदर खांद्यावरून ओढून घेत काट्यावरून उतरली आणि शुगर न तपासताच घरी गेली. तिच्या आईला मधुमेह होता. तपासणीची खरी गरज तिलाच होती.

म्हणून विचारते. ‘बॉडी पॉझिटिव्हिटी’ला मराठीत रुळलेला शब्द आहे का? ‘देहस्वीकार’ वाचनात आलाय. आणि लठ्ठपणासाठी कोणाला न दुखावणारा, पण खोटंही न बोलणारा शब्द कोणता? ‘सुदृढ’ अजिबात लिहू नकोस, असं मुलीने बजावलंय.

गोरेगावची:
मुलीचं बरोबर आहे. सुदृढ म्हणजे बळकट, घट्ट बांध्याचा. पण आपल्याकडे सुदृढ बालक स्पर्धा व्हायच्या, त्यात बक्षीस बहुतेक गुटगुटीत बाळालाच. तिथून हा शब्द वजनाला चिकटला तो चिकटलाच. आता बाईला ‘सुदृढ आहे’ म्हटलं की ती जाड आहे, एवढंच ऐकणाऱ्याला कळतं. तिच्या अंगात ताकद किती, हे कळतच नाही.

माझा खरा राग मात्र ‘तब्येत’वर आहे. ‘तब्येत सुधारलेली दिसते’ म्हणजे वजन वाढलंय. ‘तब्येत किती खालावली तुझी’ म्हणजे वजन उतरलंय. लग्नानंतर चार किलो वाढले की ‘सासर मानवलं हो’. बाहेरगावचं माणूस इथे येऊन भरलं की ‘मुंबईचं पाणी मानवलं’. आणि ज्याचं वाढत नाही त्याच्या ‘अंगाला खाल्लेलं लागत नाही’. यातलं एकही वाक्य वाईट मनाने बोललेलं नसतं. पण तब्येत हा शब्द आकारासाठी खर्च झाल्यावर, दादरचा पूल चढताना धाप लागते का, रात्री झोप लागते का, हे विचारायला शब्द कुठून आणायचा? आता ‘तुझी तब्येत कशी आहे’ असं काळजीने विचारलं तरी समोरची आधी पोट आत घेते.

पार्लेकर:
‘देहस्वीकार’बद्दल. शब्द व्याकरणाने शुद्ध आहे, पण आजच्या मराठीत देह एकतर अध्यात्मात येतो नाहीतर मरणात. देहत्याग, देहदान, मृतदेह. बोर्डावर तो नको. जिवंत माणसाचं ‘अंग’ असतं. अंग दुखतं, अंगात ताप असतो, अंगात जोर असतो.

‘स्वीकार’ला माझी हरकत नाही. काहींना त्यात शरण गेल्याचा वास येतो, पण त्यासाठी ‘पत्करणं’ हे वेगळं क्रियापद आहे. हार पत्करतात, पदभार स्वीकारतात. स्वीकारलं की जबाबदारी आलीच.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अष्टौनिन्दितीय नावाचा अध्याय आहे. निंद्य मानलेली आठ शरीरं त्यात सांगितली आहेत. अतिउंच, अतिबुटकं, अतिकेसाळ, बिनकेसांचं, अतिकाळं, अतिगोरं, अतिस्थूल आणि अतिकृश. निंदा आठांचीही केली, पण त्रास आणि उपचार सविस्तर सांगितले ते शेवटच्या दोघांचेच. उंचीला आणि रंगाला औषध कशाला हवं? दिसण्याला नावं ठेवणं आणि दुखण्यावर इलाज करणं एकाच अध्यायात शेजारी बसलंय, आणि आपण अजून ते वेगळं करू शकलेलो नाही.

परळची आहारतज्ज्ञ:
माझं रोजचं काम हेच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘जाड म्हणजे आजारी’ जितकं चूक तितकंच ‘बारीक म्हणजे बरी’ चूक. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. भारतीयांमध्ये चरबी पोटाभोवती आणि आतल्या अवयवांभोवती लवकर साठते आणि कमी वजनातही मधुमेह होतो. म्हणूनच जगभर जादा वजनाची रेघ 25 बीएमआयवर असली तरी आपल्याकडे ती 23 वर धरतात आणि 25 पासून लठ्ठपणा मोजतात. पोटाच्या घेराची मर्यादा बायकांना 80 सेंटिमीटर, पुरुषांना 90.

ताई, बोर्डावर ‘पोटाचा घेर’ असंच लिहा, ‘कंबर’ लिहू नका. कंबर म्हटलं की बायका परकराची नाडी बांधतात तिथे टेप लावतात. शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता मोजायचं.

आणि हेही सांगा की आहे त्या वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरलं तरी शुगर-बीपीत फरक पडतो. चौऱ्याऐंशीची बाई ऐंशीच्या खाली आली तरी तिला फायदा होतो, तिने कॉलेजातल्या मापाचा ब्लाउज घालायची गरज नाही. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चाललं, तर काटा हलला नाही तरी हृदयाला उपयोग होतोच. हे मी पेशंटला सांगते तेव्हा काहींच्या डोळ्यांत पाणी येतं, कारण तोवर त्यांना प्रत्येकाने फक्त काट्याबद्दल विचारलेलं असतं.

लालबागचा:
मी थोडं उलट बोलतो, रागावू नका. बायकांना टोचून बोलतात हे खरं, पण पुरुषांना कोणी बोलतच नाही. आमच्याकडे ढेरी म्हणजे कौतुक. ‘ढेरी शोभते त्याला’, ‘दोंद सुटलं म्हणजे बढती झाली’. माझे वडील असंच ऐकत गेले. पन्नाशीत छातीत दुखलं तेव्हा कळलं, साखर कित्येक वर्षं वाढलेली होती. घरात कोणीतरी सरळ बोलायला हवं होतं. दुखावेल म्हणून गप्प बसणं हीसुद्धा माया नाही.

गोरेगावची:
दादा, रागावायचं काय त्यात. पण सरळ बोलायचं म्हणजे ‘किती सुटलायस’ असं का? ते बाबांना म्हटलं असतं तर ते हसले असते नाहीतर चिडले असते, डॉक्टरकडे गेले नसते. ‘बाबा, जिना चढताना तुम्ही दोनदा थांबलात, उद्या शुगर तपासू’ हे जास्त सरळ आहे.

मुलुंडकर:
सगळ्यांचे आभार. एक शंका उरते. हल्ली इंग्रजीत माणूस आधी आणि आजार नंतर लिहितात. ‘लठ्ठ रुग्ण’ऐवजी ‘लठ्ठपणा असलेली व्यक्ती’ लिहू का?

पार्लेकर:
वाचताना धाप लागेल हो. आणि मराठीला त्याची गरजही नाही, आपल्याकडे आजार माणसाला येतो. मला ताप आहे, तिला दमा आहे, त्याला शुगर आहे. जाड असण्याचं मात्र आपण थेट माणूसच करून टाकतो. ती जाड आहे, तो जाड्या. ‘लठ्ठ’चंही पाहा, लठ्ठ पगार सगळ्यांना हवा, लठ्ठ माणूस म्हटलं की शिवी. तेव्हा ‘वजन वाढलंय’ म्हणा. त्यात वाढतं ते वजन, आणि वाढलेलं उतरूही शकतं.

परळची आहारतज्ज्ञ:
सहमत. फाइलमध्ये ‘लठ्ठपणा’ हा शब्द मात्र राहू दे, ते निदान आहे आणि त्यावर उपचार आहेत. पेशंटशी एकांतात बोलताना मीही तो वापरते, पण आधी विचारते, ‘वजनाबद्दल बोललं तर चालेल का?’ आजवर फार थोड्यांनी नाही म्हटलंय.

गोरेगावची:
आणि ज्या बायका स्वतःला ‘मी जाड आहे’ असं सहज म्हणतात, त्यांना ‘छे, तू कुठे जाड’ म्हणून गप्प करू नये. उंच, सावळी, जाड. तिने स्वतःपुरता शब्द निवडलाय तर तो तिचा. दुसऱ्याने तो तिला चिकटवायचा नाही.

मुलुंडकर:
मग बोर्ड असा लिहिते. वर ‘तब्येतीची तपासणी, सर्वांसाठी’. खाली ‘बीपी, शुगर, पोटाचा घेर, वजन’, याच क्रमाने, वजन शेवटी. ‘बारीक असाल तरी या’ अशी एक ओळ लाल खडूने. काटा पडद्याआड ठेवायचा आणि आकडा कार्डावर लिहून द्यायचा, पुकारायचा नाही, हे कमिटीला सांगितलंय. एका सभासदाने विचारलं, पुरुष येतील का. लालबागकर, ‘ढेरी’साठी एखादी ओळ सुचवा ना, कौतुक न करणारी.

लालबागचा:
‘पुरुषांनो, पट्टा पोटाखाली बांधत असाल तर घेर पोटावर मोजून घ्या. 90 च्या वर असेल तर शुगर तपासल्याशिवाय जाऊ नका.’