झाडं लावली म्हणे! औषध कंपन्यांचा हिरवा रंग

खडूस
एका औषध कंपनीतल्या 'सस्टेनेबिलिटी'वाल्या साहेबांची पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. थोडक्यात सांगायचं तर ऑफिसात एलईडी लावले, प्रिंटआउट बंद केले, छपरावर सोलर बसवलं, हजारो झाडं लावली, सबब आमचा पर्यावरणावर भार जवळजवळ शून्य. खाली टाळ्यांचा पाऊस. डोकं उठलं म्हणून लिहितोय.

अहो, औषध कंपनीचा प्रश्न ट्यूबलाइटचा आहे का? एक किलो औषधामागे किती किलो कचरा निघतो ते सांगा की. रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डनने १९९२ मध्ये याच हिशेबाचा ई-फॅक्टर मांडला, त्याच्या तक्त्यात तेल रिफायनरी ०.१ च्याही खाली आणि औषधं २५ ते १०० च्या वर. तो ऐवज बहुतेक सॉल्व्हंटचा, म्हणजे रसायनं विरघळवायच्या द्रवांचा, झाडांच्या मुळाशी घालायचाय का? वर गंमत अशी की मूळ औषध, म्हणजे एपीआय, यातल्या बऱ्याच कंपन्या स्वतः बनवतच नाहीत, बाहेरून घेतात आणि फक्त गोळ्या दाबून पॅक करतात. मग आपल्या आवारात सगळं चकाचक दिसणारच. पुरवठादाराचा कार्बन निदान स्कोप ३ मध्ये (कंपनीबाहेरच्या साखळीचा हिशेब) मोजतात, पण त्याच्या सांडपाण्यातलं अँटिबायोटिक कुठल्या स्कोपमध्ये बसतं ते एकदा कळू दे.

सॉल्व्हंटराव
आला वार्षिक धागा. मी प्रोसेस केमिस्ट आहे, १४ वर्षं झाली, त्यामुळे 'कंपनीचा माणूस' ही शिवी आधीच देऊन टाका, नंतर वेळ जायला नको.

ई-फॅक्टर मोठा असतो कारण औषधाचा रेणू सात-आठ पायऱ्यांनी बनतो आणि शुद्धता इंधनासारखी चालत नाही. आणि आम्ही काही करत नाही हे साफ खोटं. आयबुप्रोफेनची जुनी पद्धत सहा पायऱ्यांची, कच्च्या मालातले जेमतेम ४० टक्के अणू औषधात उतरायचे, नवीन पद्धत तीन पायऱ्यांची आणि ७७ टक्के. मधुमेहाच्या सिटाग्लिप्टिनमध्ये ऱ्होडियम धातूचा कॅटलिस्ट आणि हाय प्रेशर हायड्रोजन जाऊन एन्झाइम आलं, २०१० मध्ये अमेरिकेत ग्रीन केमिस्ट्रीचं पारितोषिक मिळालं. सॉल्व्हंट तर आम्ही डिस्टिल करून परत वापरतोच, फुकट मिळतो का तो?

खडूस
म्हणजे खर्च वाचला म्हणून केलं. पृथ्वीसाठी नाही.

सॉल्व्हंटराव
मग? नदीला हेतू कळतो का?

गाळउपसे
दोघेही वरवरचं बोलताय. मी एका बल्क ड्रग (म्हणजे एपीआयच्या) कारखान्यात ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, सांभाळायचो, नाव घेणार नाही. कागदावर झिरो लिक्विड डिस्चार्ज, म्हणजे बाहेर थेंबही नाही. जास्त सीओडीचं (जास्त रासायनिक घाणीचं) पाणी वेगळं, ते आधी सॉल्व्हंट काढायच्या स्ट्रिपरला, मग पाणी आटवणाऱ्या एमईईला, शेवटी सुकवणाऱ्या एटीएफडीतून मीठ. कमी सीओडीचं बायोला, म्हणजे घाण खाणाऱ्या जिवाणूंच्या टाक्यांना. हे असंच चाललं तर उत्तम काम होतं, खोटं नाही बोलणार. पण एमईईला वाफ लागते, वाफेला इंधन लागतं, आणि महिनाअखेरीला टार्गेट असतं.

एका रात्री प्रॉडक्शनवाल्यांनी न सांगता मदर लिकर (औषध काढून घेतल्यावर उरलेलं द्रावण) कमी सीओडीच्या टाकीत सोडलं. अँटिबायोटिकचं. सकाळपर्यंत बायो मेली. एरेशन टँक काळी, सडक्या अंड्यांचा वास, वर फेस. जिवाणूंवर चालणाऱ्या प्लांटमध्ये जिवाणू मारायचं औषध सोडलं तर दुसरं काय होणार? दुसरीकडून जिवंत जिवाणूंचा गाळ आणून टाकला, बसायला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत पाणी कुठे गेलं हे मला कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्या वर्षीच्या रिपोर्टात झाडांचा फोटो होता.

उंटावरचा शहाणा
म्हणजे तुम्हीही त्यात होतात. आता निनावी राहून धुतल्या तांदळासारखे!

गाळउपसे
होतो. घर चालवायचं होतं. तुम्ही कुठली नोकरी सोडलीत ते ऐकायला आवडेल.

दमेकरी_आई
हे सगळं ठीक आहे पण या पर्यावरणवाल्यांचा मला वेगळाच राग आहे. माझ्या मुलाला दमा. मागच्या वेळी डॉक्टरकडे गेलो तर भिंतीवर पोस्टर, 'तुमचा इन्हेलर पृथ्वी तापवतो'. सहा वर्षांचं पोर वाचतंय ते! मला विचारतो, आई मी पंप घेतला की वाईट होतं का? कारखाने काय ते सोडतात आणि अपराधी माझं पोरगं?

सॉल्व्हंटराव
ताई, पोस्टर चुकीच्या जागी होतं हे मान्य, पण मजकूर खोटा नाही. पंपातला दाबाचा गॅस एचएफए-१३४ए, तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटीहून जास्त तापवतो. आधी सीएफसी होता, ओझोनसाठी मॉन्ट्रियल करार झाला १९८७ ला, मग हा आणला. ओझोन वाचला, उष्णता राहिली. काही इन्हेलर कंपन्यांच्या एकूण कार्बनमधला मोठा हिस्सा ऑफिस किंवा कारखान्यातून येत नाही, पेशंटच्या हातातल्या पंपातून येतो. पावडरच्या इन्हेलरला गॅस लागतच नाही, स्वीडनमध्ये जास्त लोक तोच वापरतात.

दमेकरी_आई
पावडरचा जोरात ओढावा लागतो. अटॅक आलेलं लहान मूल जोरात ओढू शकत असतं तर पंप कशाला लागला असता? कधी रात्री दोन वाजता पंपाला स्पेसरची नळी लावून मोजलेत का श्वास?

उंटावरचा शहाणा
भावनिक ब्लॅकमेल. मोठ्यांना तर पावडर चालतो ना? त्यांनी बदलावं.

दमेकरी_आई
तुम्हाला दमा नाही हे वाक्यावाक्यातून कळतंय.

फुफ्फुसराव
मला आहे, ३० वर्षं. मी स्वतः पावडरवर गेलो, काही बिघडलं नाही. पण ताईंचं बरोबर आहे, लहान मुलांना आणि इमर्जन्सीत पंप लागतोच. आणि गॅस बदलणं कंपनीचं काम आहे, कमी तापवणारे गॅस आलेत. इकडे भूल द्यायच्या डेसफ्लुरेनवर, तोही तापवणारा गॅसच, युरोपात २०२६ पासून जवळपास बंदीच आहे, अपवाद फक्त वैद्यकीय गरजेचा. तिथे कुणी पेशंटला पोस्टर दाखवलं नाही.

उंटावरचा शहाणा
पेशंट बेशुद्ध होता म्हणून.

खडूस
हा धागा माझा होता, सहज आठवण करून देतो. कंपन्यांना हेच हवं असतं, आपण पंपावरून भांडत बसायचं आणि सांडपाणी निवांत वाहतंय. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या सांडपाणी केंद्राबद्दल २००७ मध्ये छापून आलं, जवळपास ९० औषध कारखान्यांचं पाणी तिथे यायचं, आणि *प्रक्रिया करून बाहेर पडलेल्या* पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक. गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या रक्तात असतं त्याहून जास्त! आणि सुरक्षित पातळी म्हणून उद्योगाच्याच गटाने ठरवलेला आकडा लिटरला ०.०६ मायक्रोग्रॅमच्या आसपास. पाच लाख पट होतं. लावा झाडं.

सॉल्व्हंटराव
तो आकडा भयानक आहे, मी कधीच त्याची बाजू घेतली नाही. पण जगभरच्या नद्यांत सापडणारं बहुतेक औषध माणसांच्या लघवीतून जातं हेही लिहा ना. मधुमेहाचं मेटफॉर्मिन शरीरात मोडतच नाही, जसं गेलं तसं बाहेर. कॅनडात एका प्रायोगिक तळ्यात गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन सोडलं, लिटरला फक्त ५-६ नॅनोग्रॅम, तिथल्या छोट्या माशांची प्रजा जवळजवळ संपली. यात कारखान्याचा दोष कुठे? आणि गिधाडं डायक्लोफिनॅकने मेली ती गुरांना टोचल्यामुळे, कारखान्याच्या नळीमुळे नाही.

खडूस
माल तुमचाच ना! युरोपने २०२४ मध्ये ठरवलं की शहरी सांडपाण्यातली औषधांसारखी सूक्ष्म रसायनं काढणाऱ्या चौथ्या टप्प्याच्या शुद्धीकरणाचा निदान ८० टक्के खर्च औषध आणि कॉस्मेटिक कंपन्यांनी द्यायचा. काय केलं? कोर्टात गेले. झाडं लावायला मात्र कुणी कोर्टात जात नाही.

सॉल्व्हंटराव
कारण खर्च दोनच उद्योगांवर टाकलाय. बाकीचे सगळे साधुसंत? आणि तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट सांगतो, हिरवी पद्धत सापडली तरी लगेच लावता येत नाही. औषध ज्या पद्धतीने मंजूर झालं ती बदलायची तर देशोदेशी परत फाइल करा, अशुद्धी बदलली नाही हे सिद्ध करा, वाट पाहा. जुन्या औषधात तेवढा नफाच नसतो. माझ्याकडे एक प्रोसेस आहे, डायक्लोरोमिथेन हा घातक सॉल्व्हंट पूर्ण काढून टाकणारी, लॅबमध्ये चालते, चार वर्षं ड्रॉवरमध्ये पडून आहे. तुम्हाला वाटतं मला मजा येते?

खडूस
ड्रॉवरचा मुद्दा... ठीक आहे, तो मला माहीत नव्हता. आनंद झाला असेल तर पेढे वाटून या. पण मग तुमचे साहेब पोस्टमध्ये हे का लिहीत नाहीत? 'आमची चांगली प्रोसेस ड्रॉवरमध्ये आहे' असं लिहिलं असतं तर मी स्वतः लाइक दिला असता.

सॉल्व्हंटराव
असं लिहिणाऱ्या माणसाची पुढची पोस्ट 'नोकरीच्या शोधात' अशी असते.

गाळउपसे
आणि कुणी मदर लिकर सोडण्याआधी ईटीपीला फोन करा एवढा एक नियम आमच्याकडे होता. लॅमिनेट करून लावलेला. फोनच बंद होता.

दमेकरी_आई
पोस्टरबद्दल कुणीच सॉरी म्हटलं नाही अजून.