रामसे बंधूंचे भयपट : आपापले अनुभव

१९७२ च्या ‘दो गज़ जमीन के नीचे’पासून १९९० च्या ‘बंद दरवाजा’पर्यंत रामसे बंधूंच्या भयपटांना समीक्षकांनी क्वचितच गांभीर्याने घेतले, तरी तालुक्याच्या चित्रगृहांत आणि जत्रेतल्या तंबूंत ते चालत राहिले. भीती, रक्त आणि उघड्या अंगाचे आमिष यांवर तिकीट विकणारा हा सिनेमा आपल्याला अजून का आठवतो? तो कोठे, कोणाबरोबर पाहिला आणि आज कसा वाटतो, हे कृपया सविस्तर लिहावे. सुरुवात मी करतो.

मी नववीत असताना, प्रमाणपत्र ‘ए’ असूनही, ‘पुराना मंदिर’ (१९८४) पाहिला. धडापासून वेगळे करून पेटीत बंद केलेले सामरी या सैतानाचे शिर आणि राजघराण्यातील स्त्रियांना बाळंतपणात मृत्यू देणारा त्याचा शाप, ही कथा मला मुळीच परकी वाटली नाही. पूर्वजाचे पाप नातवंडांनी फेडण्याच्या अशा गोष्टी आजीने वाड्यावाड्यांची नावे घेऊन सांगितल्या होत्या. सामरी झालेल्या अजय अगरवाल यांची उंच आकृती पडद्यावर आली, तेव्हा शेजारच्या अनोळखी गृहस्थांचा हात मी घट्ट धरला आणि त्यांनीही तो सोडवला नाही.

सोलापूर जिल्ह्यातून

माझे वडील चित्रगृहात प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर होते. मुंबई-पुण्यात फिरून झालेली प्रिंट आमच्या गावी येईपर्यंत इतकी घासलेली असे की पडद्यावर सतत पाऊस पडत असल्यासारखे दिसे. दोन यंत्रे आलटून पालटून चालवताना, कार्बनच्या कांड्या सांभाळताना वडील खिडकीतून पडद्यापेक्षा प्रेक्षकांकडेच अधिक पाहत. कोणत्या रिळात किंकाळी उठणार हे त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत पाठ होई आणि त्या क्षणाच्या थोडे आधी ते आवाज किंचित वाढवत. दाराची करकर, कुत्र्याचे रडणे, मग काही क्षण पूर्ण शांतता. बंधूंपैकी ध्वनीची बाजू सांभाळणाऱ्या किरण रामसे यांच्या कामाचे मोल मला त्या खोलीत कळले. स्वस्त मुखवटा उजेडात हास्यास्पद दिसतो, म्हणून भीती आधी कानाने पोहोचवावी लागते, असे वडील म्हणत. पुढे मी पुष्कळ महागडे भयपट पाहिले, पण इतक्या कमी साधनांत प्रेक्षकांचा श्वास रोखून धरणारे फारच थोडे भेटले.

वाईहून

‘दो गज़ जमीन के नीचे’ आमच्या शेजारच्या महाबळेश्वरात सुमारे चाळीस दिवसांत चित्रित झाला, याचा मला आजही अभिमान वाटतो. बंधूंपैकी तुलसी आणि श्याम यांचे दिग्दर्शन, गंगू यांचा कॅमेरा, कुमार यांचे लेखन आणि घरातील स्त्रियांचा स्वयंपाक, अशी ती घरची शेती होती.

नाशिकहून

एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणून आम्ही ‘वीराना’ (१९८८) पाहिला आणि स्नानाचा प्रसंग येताच काकांनी कॅसेट पुढे ढकलली. या चित्रपटांनी स्त्रीचे शरीर आमिषासारखे वापरले, ही माझी तक्रार आजही कायम आहे. तरीही, संध्याकाळी सातच्या आत घरी येण्याची सक्ती असलेल्या माझ्यासारख्या मुलीला, जिच्या वाटेला जायला पुरुष घाबरतात अशी ती झपाटलेली तरुणी फार आवडली होती. या दोन्ही भावना मी सोडलेल्या नाहीत.

न्यू जर्सीहून

२००६ मध्ये मोंडो मकाब्रो या कंपनीने ‘पुराना मंदिर’ आणि ‘बंद दरवाजा’ एकाच डीव्हीडी संचात आणले. माझ्या एका अमेरिकन सहकाऱ्याचे तारुण्य न्यूयॉर्कच्या ४२व्या रस्त्यावरील, एका तिकिटात दोन-तीन चित्रपट दाखवणाऱ्या चित्रगृहांत गेले होते. तो संच घेऊन तोच माझ्या घरी आला. हिरवे-तांबडे दिवे आणि धुके त्याला लगेच ओळखीचे वाटले, परंतु जगदीप यांनी केलेले ‘शोले’चे विडंबन त्याला कळेना, म्हणून चित्रपट थांबवून मला गब्बरसिंगची सगळी हकीकत सांगावी लागली. ‘पुराना मंदिर’ संपायला पहाटेचे दोन वाजले. पुढच्या शनिवारी ‘बंद दरवाजा’ पाहायला तो पत्नीलाही घेऊन आला.