मदत हवी आहे: व्हिएन्नात गुडघ्यांना झेपेल अशी पायवाट
येत्या शनिवारी आईला (वय 68) घेऊन व्हिएन्नाच्या जंगलात फिरायला जायचंय. चढ तिला जमतो, उतारावर मात्र गुडघे दुखतात. मागच्या रविवारी हायलिगेनश्टाटहून 38-ए बसने काह्लेनबेर्ग टेकडीवर (484 मीटर) गेलो आणि द्राक्षमळ्यांतून नुसडोर्फच्या डी ट्रामपर्यंत चालत उतरलो. मळे फार सुंदर! पण शेवटी शेवटी ती माझा दंड धरून आडवी पावलं टाकत होती. शेजारच्या लेओपोल्ड्सबेर्ग टेकडीची नाझेनवेग ही पायवाट तर त्याहून उभी, म्हणून ती बादच.

गाडी नाही. काठी आहे, सावकाश चार-पाच किलोमीटर होतात.

आता काह्लेनबेर्गहून कोबेन्झ्लपर्यंत जंगलातून चालून तिथेच परतीची 38-ए पकडायचा विचार आहे. या वाटेवर पायऱ्या किंवा तीव्र उतार कुठे लागतो का? आणि पावसानंतर चिखल कितपत असतो?