घाऊक खरेदी करूनही घरसामानाचा खर्च कमी का होत नाही?

हिशेबवही :

नमस्कार. घरात रोज लागणाऱ्या, पण खाण्यापिण्यात न मोडणाऱ्या वस्तूंचा खर्च, म्हणजे कपडे आणि भांडी धुण्याचे साबण, फरशी पुसायचे द्रव, टूथपेस्ट, कागदी रुमाल, कचऱ्याच्या पिशव्या, सेल वगैरे, मी गेले वर्षभर वहीत लिहून ठेवतो आहे. सहा महिन्यांपूर्वी असे ठरवले की, यापुढे हे सामान शक्य तितके मोठ्या पाकिटांत घ्यायचे आणि सवलत असेल तेव्हा एकाऐवजी दोन नग घेऊन ठेवायचे. खर्च निदान थोडा तरी उतरेल अशी अपेक्षा होती. परंतु दोन्ही सहामाहींची बेरीज शेजारी शेजारी मांडली तेव्हा दुसरी सहामाही किंचित जास्तच भरली. घरातली माणसे तेवढीच आहेत, धुणीभांडीही तेवढीच. मग बचत गेली कुठे? निकृष्ट वस्तू वापरण्याचा किंवा जुन्या कपड्यांची फडकी करण्याचा सल्ला कृपया देऊ नये. पहिली गोष्ट करायची नाही आणि दुसरी आम्ही आधीपासून करतो.

वजनकाटा :

आपली वही वस्तू विकत घेतल्याचा दिवस सांगते, संपल्याचा सांगत नाही, आणि गोम तिथेच असावी असे वाटते. मीही एकदा याच कोड्यात सापडलो होतो. भांडी घासायच्या द्रवाची एक लिटरची बाटली आमच्याकडे साधारण पाच आठवडे जात असे. त्या हिशेबाने पाच लिटरचा कॅन पंचवीस आठवडे पुरायला हवा होता. तो सतरा आठवड्यांतच आडवा झाला. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. भरलेला कॅन समोर दिसला की हात सैल सुटतो, शिवाय कॅनचे तोंड रुंद असल्याने थेंबाऐवजी धारच पडते. तेव्हापासून कॅन माळ्यावर असतो, ओट्यापाशी जुनी अरुंद तोंडाची बाटली असते आणि ती रिकामी झाली तरच वरून भरली जाते. प्रत्येक पाकीट फोडताना त्यावर पेनाने तारीख घालावी. दोन-तीन खेपांनंतर कोणती वस्तू खरोखर किती दिवस पुरते ते आपोआप कळते.

दुसरे असे की, मोठे पाकीट स्वस्तच असेल असे गृहीत धरू नये. दर १०० ग्रॅमला किंवा १०० मिलिलिटरला काय पडते ते काढावे; मधल्या आकाराचे पाकीट सर्वांत परवडते असे मला अनेकदा आढळले आहे. कागदी रुमालांचे रोल मोजण्यात अर्थ नाही, रोलमधले कागद मोजावेत आणि त्यांचा आकारही पाहावा. वेष्टन नवे, रंग नवा, किंमत जुनीच असे दिसले तर आधी वजन वाचावे. एक किलोचे पाकीट त्याच किमतीत ९०० ग्रॅमचे झाले तर वजन १० टक्क्यांनी घटते, पण भाव ११ टक्क्यांनी चढलेला असतो, आणि ही वाढ बिलावर कुठेच दिसत नाही.

फेनिल :

वजनकाटा यांचे म्हणणे पटते. मात्र माझ्या मते मोठी गळती कपड्यांच्या साबणात असते, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते.

पावडरीबरोबर मिळणारे माप किंवा द्रवाच्या बाटलीचे झाकण एका धुण्याला लागणाऱ्या साबणापेक्षा बहुधा बरेच मोठे असते. नेहमीच्या धुण्याची रेषा त्याच्या आत, अगदी खाली, त्याच रंगात उठवलेली असते आणि उजेडात तिरपे धरल्याशिवाय दिसत नाही. आपण काठोकाठ भरतो आणि तेच प्रमाण समजून चालतो. जास्त साबणाने कपडे जास्त स्वच्छ होतात हाही गैरसमजच आहे. फेस फार झाला की कपडे एकमेकांवर नीट घासले जात नाहीत, खळबळून काढायला पाणी जास्त लागते आणि धाग्यांत साबण अडकून राहतो. मग टॉवेल कडक लागतो म्हणून आपण कपडे मऊ करण्याचे द्रव आणतो. ते धाग्यावर पातळ थर धरते, त्यामुळे टॉवेल पाणी शोषेनासा होतो. एका चुकीवर दुसरी वस्तू विकत घेण्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

परीक्षा सोपी आहे. धुऊन वाळलेला टॉवेल बादलीभर कोमट पाण्यात, साबण न घालता, हाताने खळबळावा. पाणी पांढुरके होऊन फेस आला तर साबण जास्त पडतो आहे असे समजावे. पाणी जड असेल तर त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाचा काही भाग निकामी करतात, म्हणून तिथे प्रमाण थोडे वाढवावे लागते. मऊ पाण्यात तेच प्रमाण उधळपट्टी ठरते. पाकिटावरच्या तक्त्यात बहुधा दोन्ही प्रमाणे दिलेली असतात, पण तो तक्ता वाचतो कोण? आमच्याकडे मी मापाच्या बाहेरून, रेषेच्या उंचीवर, लाल नेलपॉलिशचा पट्टा ओढला आहे. तेव्हापासून घरातले कोणीही धुणे लावो, प्रमाण एकच पडते.

जाता जाता आणखी एक. वॉशिंग मशीन पाणी तापवून धूत असेल तर विजेचा मोठा वाटा पाणी तापवण्यातच जातो. रोजच्या वापराचे कपडे ३० अंशांना चांगले निघतात. घरात आजारपण असेल तर चादरी-टॉवेल मात्र गरम पाण्यातच धुवावेत.

सावधान :

मूळ प्रश्नात हा विषय नाही, तरी बचतीची चर्चा निघाली की कोणीतरी घरगुती मिश्रणे सुचवतेच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केल्यावर जो फसफसाट होतो तो पाहून समाधान वाटते, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात. उरते ते मुख्यतः सोडियम ॲसिटेट विरघळलेले पाणी, आणि कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या वापराव्यात. घासायला सोडा घ्यावा, किटलीतला पांढरा थर काढायला व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड घ्यावे. त्याच कामासाठी खास म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांतही सायट्रिक ॲसिडच असते, घटकांची यादी वाचली की कळते. संगमरवरावर मात्र कोणतेही आम्ल टाकू नये, चकाकी कायमची जाते.

ब्लीचमध्ये आम्ल किंवा अमोनिया असलेले काहीही कधीही मिसळू नये. व्हिनेगरने त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि अमोनियाने क्लोरामाइन. दोन्ही विषारी आहेत आणि बंद न्हाणीघरात जिवावर बेतू शकते.

ब्लीचचा विषय निघालाच आहे तर घाऊक खरेदीबद्दलही सांगतो. ब्लीचमधला मुख्य घटक, सोडियम हायपोक्लोराइट, उष्णतेने, उजेडाने आणि नुसत्या काळानेही विघटित होत जाते. वर्षभराचा साठा केला तर शेवटच्या महिन्यांत आपण जास्त जास्त ओतत राहतो आणि परिणाम कमी कमी होत जातो. ही वस्तू लहान बाटलीतच घ्यावी. याउलट सायट्रिक ॲसिड, कचऱ्याच्या पिशव्या आणि कोरड्या जागी ठेवलेला अंगाचा साबण खुशाल घाऊक घ्यावा. साबणाची वडी काही आठवडे उघडी वाळवून वापरली आणि साबणदाणीत पाणी साचू दिले नाही, तर ती झिजतेही हळू.

हिशेबवही :

सर्वांचे आभार. काल रात्री स्वयंपाकघरातला काटा घेऊन बसलो. पावडरीच्या मापातली रेषा ७० ग्रॅमची निघाली. आम्ही घरात प्रत्येकाने आपापल्या सवयीने भरून दाखवले तेव्हा सरासरी १२० ग्रॅम भरली. (माझे स्वतःचे माप सर्वांत मोठे होते, हे इथे नोंदवणे भाग आहे.) कपाटही रिकामे केले. सवलतीत दोन-दोन घेतलेले नऊ टूथब्रश आणि फरशीच्या द्रवाच्या तीन अर्धवट बाटल्या मिळाल्या; तिसरी फोडली तेव्हा आधीच्या दोन मागे आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते. आता फक्त सेलचा प्रश्न उरतो. पुन्हा चार्ज होणारे घ्यावेत का?

वजनकाटा :

सरसकट घेऊ नयेत. खेळणी, टॉर्च, बिनतारी माउस अशा, सेल भराभर संपवणाऱ्या वस्तूंसाठी निकेल-मेटल हायड्राइडचे सेल घ्यावेत. ते शेकडो वेळा चार्ज होतात, त्यामुळे चार्जरचा खर्च लवकर वसूल होतो. भिंतीवरचे घड्याळ किंवा रिमोट एका साध्या सेलवर वर्षभर सहज चालतो. तिथे महाग सेल गुंतवून ठेवण्यात हशील नाही. शिवाय चार्ज होणारा सेल १.२ व्होल्टचा आणि साधा १.५ व्होल्टचा असतो, त्यामुळे काही उपकरणे तो भरलेला असूनही संपल्याचे दाखवतात. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये. जुना आधी संपतो, गळतो आणि उपकरणच घेऊन जातो.

हिशेबवही :

समजले. टॉर्च आणि माउससाठी चार सेल घेतो, घड्याळाला हात लावत नाही. मापावर लाल पट्टा ओढला आहे. दोन-दोन किलोची दोन पाकिटे शिल्लक आहेत. आठवड्याला चार धुण्यांच्या हिशेबाने जुन्या हाताने ती आठ आठवड्यांत संपली असती, नव्या पट्ट्याने चौदा आठवडे जायला हवीत. पहिल्या पाकिटावर आजची तारीख घातली आहे आणि दुसरे माळ्यावर टाकले आहे. संपले की इथेच कळवतो.