बीपीची गोळी एक दिवसाआड घेतोय, घरी माहीत नाही

तिसरा मजला (धागाकर्ता)

कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला त्याला सात महिने झाले. वय ४४. हिशेब लिहायची जुनी सवय, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात वही घेऊन बसलो आणि कुठे कात्री लावता येईल तिथे खुणा केल्या. काल तीच वही चाळताना जे दिसलं त्यामुळे हा धागा काढतोय.

गाडीचा हप्ता चालू आहे. मुलीचा क्लास चालू आहे. पाहुणे आले की सगळं पूर्वीसारखंच होतं. बंद काय झालंय? माझी वर्षाची रक्ततपासणी. चष्म्याचा नंबर बदललाय, तो. बायकोची दाढ, जी दोनदा दुखली आणि आपोआप थांबली म्हणून राहून गेली. आणि माझी बीपीची गोळी, जी दोन महिने मी एक दिवसाआड घेतोय. म्हणजे चारचौघांना दिसतं ते चालू, दिसत नाही ते बंद.

गोळीचं घरी माहीत नाही. वारांचे खण असलेली डबी आहे ना, तीत आठवड्याच्या गोळ्या असतात. घ्यायची नसते त्या दिवशी खणातली गोळी खिशात टाकतो आणि रविवारी डबी भरताना तीच परत आत. हे लिहिताना स्वतःचीच लाज वाटतेय.

बाकी म्हणाल तर पहाटे तीनला जाग येते, मग उठायला दहा वाजतात. चिडचिड. परवा दूध तापत ठेवून विसरलो, गेल्या आठवड्यात विजेचं बिल दोनदा भरलं. (हातात पैसे नसताना बिल दोनदा भरणारा माणूस पाहिलाय का कुणी?)

ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांनी तब्येत नेमकी कशी सांभाळली? ‘सकारात्मक राहा’ कृपया नको. ते रोज तीन ग्रुपवर मिळतं.

---

खलबत्ता

औषधांच्या काउंटरमागे वीस वर्षं उभा आहे. तुमच्यासारखी माणसं ओळखू येतात हो. महिन्याचं औषध नेणारा एक दिवस ‘दहाच द्या’ म्हणतो आणि मग वीस दिवस फिरकत नाही. आम्ही विचारत नाही, तो सांगत नाही.

बीपी दुखत नाही, म्हणून काटछाटीत तिचा पहिला नंबर लागतो. गोळीचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. ॲम्लोडिपिन असेल तर तिचा अंमल शरीरातून सावकाश उतरतो, त्यामुळे ‘एक दिवस चुकली तरी काही होत नाही’ असं वाटत राहतं. होतं, तुम्हाला कळत नाही इतकंच. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल असल्या बीटा ब्लॉकर गोळ्या असतील किंवा क्लोनिडीन असेल, तर हा खेळ आजच थांबवा. त्या अचानक सुटल्या की नाडी आणि बीपी उसळी मारतात. मात्र राहिलेल्या गोळ्या भरून काढायला दोन-दोन एकदम घेऊ नका. दोन महिन्यांत काय केलंत ते डॉक्टरांना खरं सांगा, बीपी मोजून घ्या आणि पुढचं त्यांना ठरवू द्या.

तिथे गेल्यावर आणखी एक वाक्य बोला: ‘सध्या कमाई नाही, यात स्वस्त काय बसेल?’ ते अवघड जातं, ठाऊक आहे. पण न सांगितल्यामुळे डॉक्टर नवी, महागडी, दोन औषधं एकत्र असलेली गोळीच लिहीत राहतात. ॲम्लोडिपिन, लोसार्टन, साखरेसाठी मेटफॉर्मिन यांचे पेटंट केव्हाच संपलेत. जेनेरिकमध्ये औषधाचा मूळ घटक तोच असतो. गोळी अर्धी करण्याआधीही विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या मोडल्या की सगळं औषध एकदम अंगात जातं.

इन्सुलिन, फिटची, थायरॉइडची, दम्याचा पंप, रक्त पातळ करणारी आणि मनाच्या आजारावरची औषधं पैशाअभावी आपल्या मनाने कमी करायची नाहीत. पैसे कमी पडले तर आधी डॉक्टर, मग कात्री. खुशाल सोडा असं काही असेल तर ते म्हणजे डॉक्टरांनी न सांगता आपणच आणलेलं टॉनिक आणि प्रोटीनचे डबे. गंमत म्हणजे लोक गोळी सोडतात आणि टॉनिक शेवटपर्यंत धरून ठेवतात!

---

शाईचा डाग

तुमच्या वहीचं वाचून पोटात कालवलं. माझी छपाईची दोन यंत्रं होती. कर्ज वाढत गेलं, यंत्रं विकावी लागली. त्या वर्षी मीही दाढ ‘पुढच्या महिन्यात’ करत राहिले. फिलिंगमध्ये भागलं असतं, तिथे मुळाशी पू झाला, गाल सुजला आणि रात्री साडेअकराला धावपळ. वाचवले त्याच्या कितीतरी पट गेले, वर दाढही गेली. तेव्हा पहिलं काम, बायकोला दाताच्या डॉक्टरकडे पाठवा. दुखणं थांबणं म्हणजे बरं होणं नव्हे. कधीकधी आतली नस मरते म्हणून दुखायचं थांबतं.

दुसरं, तुमचे ते सकाळचे दहा. मला वाटतं खरी गळती तिथे आहे.

यंत्रं गेल्यावर मी घड्याळ काढून ठेवलं. कुणाला वेळेवर काही द्यायचंच नव्हतं. पुढे कधीतरी ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावाबद्दल वाचलं आणि चरकले. गावातली कापडगिरणी १९२९-३०च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या संशोधकांनी तिथलं रोजचं जगणं टिपलं, ते १९३३ मध्ये छापून आलं. खिडकीआड बसून त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या चालीसुद्धा मोजल्या. पुरुष हळू चालत आणि जागोजागी थांबत, बायका झपझप जात, कारण घरचं काम त्यांना सुटलं नव्हतं. बहुतेक पुरुषांनी घड्याळ बाळगणं सोडलं होतं. वाचनालयाची फी माफ झाली होती, दिवस रिकामा होता, तरी पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं. वेळ मुबलक झाला की तो हातातून निसटतो हे मी स्वतःवर पाहिलं होतं. शंभर वर्षांपूर्वीच्या गावावर कुणीतरी ते मोजून ठेवलंय हे माहीत नव्हतं.

मी काय केलं ते सांगते, त्यात शहाणपण फार नव्हतं. घड्याळ परत घातलं. झोप लागो न लागो, उठायचं साडेसहाला. पहिले दहा दिवस भयंकर गेले, मग रात्री आपोआप पेंग येऊ लागली. उठल्यावर चालायला जायचं, पाऊणेक तास. फोन घरी. त्याला पैसे लागत नाहीत हे एक कारण, आणि त्या वेळात वसुलीवाल्यांचे फोन घ्यावे लागत नव्हते हे दुसरं, मोठं. काम शोधायचं ते अकरा ते एक. त्यानंतर मेल उघडायचा नाही. दिवसभर शोधत बसलं की नकारही दिवसभर येतात.

जेवणात मी एक मूर्खपणा केला, तो बायकांनी नीट वाचा. सगळ्यांना पुरावं म्हणून माझ्या ताटातलं कमी केलं. चार-पाच महिन्यांनी जिना चढताना धाप लागू लागली, हिमोग्लोबिन पार खाली. बाहेरचं, पाकिटातलं, गोड पेय हे सगळं आम्ही बंद केलं ते चांगलंच झालं, पण डाळी, अंडी, पालेभाजी यांवर कात्री चालवायला नको होती. तुमच्या घरी कोण कमी खातंय ते जरा बघा. विचारू नका, बघा. विचारलं तर कुणी सांगत नाही.

---

उलट तपासणी

थोडं वेगळं मांडतो. मंदी आली की माणसं पटापट मरतात हा समज आकड्यांत टिकत नाही. १९२९ ते १९३२, अमेरिकेतल्या महामंदीची सगळ्यात वाईट वर्षं, आणि तिथलं सरासरी आयुर्मान वाढलं. आइसलँडमध्ये २००८ साली बँका बुडाल्यानंतर लोकांचं धूम्रपान आणि अतिमद्यपान कमी झालं. क्युबात १९९० नंतर सोव्हिएत मदत आटली, इंधन नाही, लोक सायकलवर आणि पायी. प्रौढांचं वजन सरासरी पाचेक किलो उतरलं आणि पुढे मधुमेह व हृदयविकाराचे मृत्यूही घटले. तेव्हा अडचणीतून फायदाही होतो, घाबरू नका.

---

रातपाळी

@उलट तपासणी, आकडे अर्धेच दिलेत. त्याच अमेरिकेत त्याच वर्षांत आत्महत्या वाढल्या होत्या. त्याच क्युबात १९९१ ते ९३ मध्ये पन्नास हजारांवर लोकांना नसांचा आजार झाला, अनेकांची दृष्टी अधू झाली, आहारात ब जीवनसत्त्व वगैरे कमी पडल्यामुळे. देशभर गोळ्या वाटल्यावर साथ ओसरली. आणि रशियात सोव्हिएत संघ मोडल्यावर पुरुषांचं आयुर्मान सुमारे ६४ वरून १९९४ पर्यंत ५८ च्याही खाली आलं, त्यात दारूचा वाटा मोठा होता. सरासरी वाढली म्हणून ज्याची नोकरी गेली त्याचं बरं चाललंय असं होत नाही.

तरी उलट तपासणीच्या बाजूचं एक उदाहरण मीच देते. फिनलंडमध्ये नव्वदीच्या सुरुवातीला बेकारी तीन टक्क्यांवरून सोळाच्या वर गेली आणि आत्महत्या वाढण्याऐवजी कमी झाल्या. तिथे बेकारांना आधार देणारी सरकारी व्यवस्था भक्कम होती. म्हणजे बराच भार आपल्या उठण्या-झोपण्यावर नसतो, हेही मान्य करू या.

तिसरा मजला, ते बिल दोनदा भरणं. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी तोडणीआधी, हात आखडते असताना, आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर घेतली होती. तोडणीआधी त्याच माणसांना ती जड गेली (हे २०१३ साली प्रसिद्ध झालंय). डोकं पैशात गुंतलेलं असतं, बाकीच्याला जागा उरत नाही. वेडे झालेला नाही आहात. मोठे निर्णय रात्री घेऊ नका आणि बिलं एकाच ठरलेल्या दिवशी भरा.

आणि एक सरळ विचारते, राग मानू नका. पहाटे तीनला जे विचार येतात त्यात ‘मी नसतो तर बरं’ असं काही असेल, तर ते त्याच दिवशी जवळच्या माणसाला किंवा डॉक्टरांना सांगा. मी रात्रपाळीची नर्स आहे. ‘कुणाला त्रास नको’ म्हणून गप्प राहिलेली माणसं आमच्याकडे फार उशिरा येतात.

---

तिसरा मजला

सगळ्यांचे आभार. रातपाळी, तसले विचार नाहीत. विचारलंत ते बरं वाटलं.

खलबत्ता, गोळी टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन एकत्र अशी आहे. शुक्रवारी डॉक्टरांकडे गेलो. बीपी १५८/९८. ते वाक्य आधी रिक्षात दोनदा म्हणून पाहिलं, मग आत म्हटलं. त्यांनी मान वर न करता चिठ्ठी बदलली, ‘आधी का नाही बोललात’ एवढंच. निम्म्याहून कमी खर्च आला. दोन महिने मी उगाच चोरासारखा वागलो.

रात्री बायकोला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि आत जाऊन काचेची छोटी बाटली आणली. तीत एक अर्धवट विरघळलेली गोळी. तीन आठवड्यांपूर्वी माझ्या पँटच्या खिशात, धुतल्यावर सापडली होती तिला. ‘तू कधी बोलतोस ते बघत होते,’ म्हणाली.

गाडी विकायचं ठरलंय. तिची दाढ गुरुवारी. वारांची डबी आता ती भरते.